बांधावरचं गवत राखायचं की फवारून मारायचं?

बोरीकाठचा (पारोळा): आमच्या शिवारात हल्ली बांध हिरवा दिसला की लोक पंप पाठीला लावतात. तणनाशकाने बांध भाजून निघतो, मग जोराचा पाऊस आला की नाल्याला चहासारखं पाणी. ती आपलीच काळी माती. माझं म्हणणं एवढंच की उताराच्या खालच्या बांधावर मारवेल, पवना, जे आपोआप येतं ते राहू द्या. दाट गवतात पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ तिथेच बसतो. मी चार वर्षं राखतोय, बांधाला लागून वीतभर माती चढलीय.

अडीच एकरवाला: भाऊ, चौरस अडीच एकराला चारही बाजूंनी मीटरभर सोडलं तर ४ गुंठे गेले. तेवढ्या कापसाचे पैसे कोण देणार? वर गवतात रानडुक्कर दडतं, हराळी वावरात घुसते, निंदणीला बाया मिळत नाहीत. सल्ला देणं सोपं आहे.

बोरीकाठचा: चारही बाजू कोण म्हणालं? फक्त खालची. म्हणजे एक गुंठा. मारवेल कापून बैलांना घाला, डुक्कर दडण्याइतकी वाढतच नाही. हराळीचं मात्र खरं आहे, ती मी खणूनच काढतो.

साक्रीकर: आमच्या तालुक्यातलं बारीपाडा बघा. गावाने जंगल राखलं, माती थांबली, विहिरींना पाणी आलं. हे काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ती उगाच नाही.

अडीच एकरवाला: दादा, ते डोंगरावरचं जंगल, अख्ख्या गावाने राखलेलं. इथे बांध म्हटला की दोन भाऊ कोर्टात.

खतदुकानदार: धंदा माझा खतांचा, तरी सांगतो. डीएपी खतातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीच्या कणाला धरून बसतं. माती गेली की तेही गेलं, म्हणून गवताने ते बऱ्यापैकी वाचतं. युरियाचं तसं नाही, त्यातलं नत्र पाण्यात विरघळून जातं, गवतातूनही निसटतं. युरिया एकदम न टाकता थोडा थोडा विभागून द्या, पेरणी उताराला आडवी करा. नुसतं गवत राखून सगळं वाचेल हे बोरीकाठच्यांनी डोक्यातून काढावं.

बोरीकाठचा: कबूल. युरियाचं माझ्या डोक्यात नव्हतं.

भुसावळकर: हतनूर धरण गाळाने भरतंय म्हणून आपण ओरडतो. तो गाळ गेला कुठून? आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून गाळ पुन्हा वावरात आणतो, ट्रॉलीचं भाडं भरून! आपलीच माती विकत घेण्यापेक्षा गुंठाभर गवत स्वस्त.

अडीच एकरवाला: गुंठ्याचा हिशेब पटतो, खोटं कशाला बोलू. पण माझ्या खालच्या बांधाला लागून शेजाऱ्याचं वावर आहे. मी राखलं तरी तो पंप घेऊन येतो. बांध कोना शे, म्हणजे कोणाचा, यावर आमचं दोन वर्षं बोलणं बंद आहे. आधी ते सोडवा कोणीतरी.