मोहरीचं रोप वर्गात फुलापर्यंत वाढवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या मिशन शाळेत मी तिसरीला शिकवते. बायबलमधला मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त (मत्तय १३:३१-३२) मुलांनी ऐकण्यापेक्षा स्वतः पेरून बघावा असं मनापासून वाटतं. नाताळच्या कार्यक्रमात फुलं आलेली रोपं ठेवायची आहेत.

आधी ओल्या कापसावर दाणे टाकले. तिसऱ्या दिवशी मोड आले, मुलं उड्या मारत होती! पण पुढे रोपं पांढरट, लांब होऊन आडवी पडली. मग दुधाच्या पिशव्यांत माती भरून खिडकीत ठेवली. पानं धरली, पण देठ बारीकच राहिले आणि सगळी उजेडाकडे वाकली. बी किराणा दुकानातलंच आहे. उगवतं चांगलं, त्यामुळे दोष बियाण्याचा नसावा.

आवारात सगळीकडे फरशी आहे. गॅलरीत ऊन येतं, पण दहापर्यंतच. गच्चीवर मुलांना नेता येत नाही. रविवारी पाणी घालायला कोणी नसतं. मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत. वर्गात इतर धर्मांचीही मुलं आहेत; दृष्टान्ताच्या भागासाठी पालकांची लेखी संमती घेतली आहे, रोपं मात्र सगळ्यांचीच.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पेरलं तर नाताळपर्यंत जेमतेम सहा आठवडे मिळतात. एवढ्यात कुंडीत फूल येईल का, की सुट्टीआधीच पेरावं? कुंडी किती खोल हवी, एका कुंडीत किती रोपं ठेवावीत? आणि सकाळचं एवढंच ऊन पुरेल का?