प्रतिसाद: तिकीटं तोडून बुक करताना मुलांचं बघा

वर पाच जणांची विमानाची तिकीटं एकदम न काढता वेगवेगळ्या बुकिंगमध्ये तोडून काढायचा सल्ला दिलाय तो बरोबर आहे, स्वस्त दराच्या तीनच सीट उरल्या असतील तर पाच जणांच्या सर्चमध्ये सगळ्यांनाच वरचा दर लागतो. पण यात एक राहिलंय. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरच्या (म्हणजे एकाच बुकिंग नंबरवरच्या) आई किंवा बाबांपैकी एकाच्या शेजारी सीट द्यायची असं डीजीसीएने (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय, म्हणजे तिकीटं तोडायचीच तर मोठ्यांची तोडा, मुलांना तुमच्याच पीएनआरवर ठेवा, नाहीतर शेजारच्या सीटसाठी वेगळे पैसे मोजावे लागले की वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

आणि घरचे घाबरणारे असतील तर दोनतीनशे रुपये जास्त पडले तरी सकाळचं विमान घ्या. दुपारी जमीन तापली की हवा वर उठते आणि धक्के वाढतात, उन्हाळ्यात तर फारच. आमच्या सासूबाई पुण्याहून नागपूरला पहिल्यांदा विमानाने निघाल्या तेव्हा त्यांना पंखाजवळची सीट घेतली, तिथे हलणं त्यातल्या त्यात कमी जाणवतं. उडाल्यावर चाकं आत घेतात तेव्हा पायाखाली धाडकन आवाज येतो हे आधीच सांगून ठेवलं होतं, आवाज आला तशी त्यांनी नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली. आणि हो, चेक-इनच्या बॅगेत सुकं खोबरं चालत नाही, गावाहून येताना हमखास असतं ते.