‘राज्यांचे हक्क’ म्हणजे नेमका कशाचा हक्क? (अमेरिकेची यादवी)

हॅम्प्टनकर
रविवारी लेकीला घेऊन फोर्ट मन्रोला गेलो. व्हर्जिनियात आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. जाड दगडी तट, भोवती पाण्याचा खंदक. मे 1861 मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रात्रीच्या अंधारात होडीतून इथे आले. देशातून फुटलेल्या, गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या सैन्याने त्यांना तोफांचे मोर्चे बांधायला जुंपलं होतं. मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरं निशाण घेऊन त्यांना परत मागायला आला. किल्ल्यावरच्या उत्तरेच्या जनरल बटलरने विचारलं, तुम्ही देशातून फुटलात ना? मग पळालेले गुलाम परत करायचा देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? माणसं परत दिली नाहीत.

इथले एक स्नेही म्हणतात, युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, गुलामगिरी निमित्तमात्र. मला हे साफ नामंजूर आहे. साउथ कॅरोलिना सगळ्यात आधी, 20 डिसेंबर 1860 ला फुटली. तिच्या जाहीरनाम्यात तक्रार काय, तर उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत! म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, तोच यांना खुपला.

पानगळ
इतकं सरळ नाही हे. ऑगस्ट 1862 मध्ये अध्यक्ष लिंकन जाहीर पत्रात लिहितो की एकाही गुलामाला मुक्त न करता देश वाचत असेल, तर मी तसं करेन. 1 जानेवारी 1863 च्या मुक्तीच्या घोषणेतून केंटकी, मेरीलँड वगळले, कारण ती राज्यं त्याच्या बाजूने होती. दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता, तरी पोरं मेली. आयात जकातीचा वादही जुनाच होता.

तळटीप
जकातीचं राहू द्या. वाढीव जकातीचा कायदा मार्च 1861 चा, आणि सात राज्यं त्याआधीच फुटली होती. त्यांच्या नव्या राज्यघटनेत गुलामांवरच्या मालकीला धक्का लावणारा कायदा करता येणार नाही, असं स्पष्ट कलम आहे. त्यांचा उपाध्यक्ष स्टीफन्स सव्हानाच्या भाषणात सांगतो की गोऱ्यांचं श्रेष्ठत्व हाच आमच्या सरकारचा पाया.

पानगळ
जकातीचा मुद्दा मागे घेतो. पण उत्तर काही गुलामांसाठी लढायला उतरली नव्हती, यावर मी ठाम आहे.

हॅम्प्टनकर
तेवढं मलाही मान्य. पण दक्षिण का फुटली आणि उत्तर का लढली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लिंकनच्या पत्राचं म्हणाल, तर त्याआधी महिनाभर, 22 जुलैला, त्याने मुक्तीचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला होता. आणि त्याला तिथवर कुणी आणलं? पळून येणाऱ्या गुलामांनीच. चार्ल्सटनच्या रॉबर्ट स्मॉल्सने मे 1862 मध्ये कप्तानाची टोपी घातली, बायकामुलांना दक्षिणेच्या सैन्याच्या जहाजावर घेतलं, त्यांच्याच ताब्यातल्या सम्टर किल्ल्यासमोर ठरलेली शिट्टी दिली आणि जहाज थेट उत्तरेच्या ताफ्यात नेलं. अशा माणसांची दखल न घेता ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ एवढंच बोलत राहायचं, याचा मला त्रास होतो.

सातारकर
जोतिरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. त्याच युद्धाने मुंबईत कापसाचा भाव चढला आणि ते संपल्यावर 1865 मध्ये शेअर बाजार कोसळला. शाळेत मला ही तेजीमंदीच शिकवली, अर्पणपत्रिका नाही.

पानगळ
अर्पणपत्रिकेतून शेवटाचा अर्थ कळतो, सुरुवातीचं कारण नाही. आणि त्या सदाचारी लोकांनी काळ्या सैनिकांना पगार किती दिला? गोऱ्याला 13 डॉलर, काळ्याला 10, त्यातूनही कपड्यांचे 3 कापून.

हॅम्प्टनकर
खरं आहे, ती लाजच होती. काळ्या सैनिकांच्या 54 व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने तो पगार घ्यायलाच नकार दिला. घरी बायकापोरं उपाशी, तरी वर्षाहून जास्त काळ एक पै घेतली नाही आणि लढणंही सोडलं नाही. जून 1864 मध्ये अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, समान पगाराचा कायदा करावा लागला.