कीबोर्ड दाबल्यावर सूर उशिरा वाजतो

प्रश्न: संगणकाला जोडलेल्या मिडी कीबोर्डची (सूर वाजवायचा संदेश पाठवणाऱ्या कीबोर्डची) पट्टी दाबली की सूर किंचित मागून येतो. बफर (संगणक एका वेळी आवाजाचे जितके सॅम्पल, म्हणजे नमुने, साठवून पुढे पाठवतो तो साठा) १०२४ आहे. १२८ केला की चरचर सुरू. काय करावं?

उत्तर: ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे २३ मिलिसेकंद. माइक असता तर आवाज आत येतानाचे तेवढेच आणखी लागले असते. १२८ ला जेमतेम ३. विंडोज असेल तर आधी ऑडिओ इंटरफेसचा (आवाज संगणकात आत-बाहेर नेणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर निवडा. चरचर येते कारण प्रोसेसरला बफर वेळेत भरता येत नाही. जड व्हीएसटीचे (सॉफ्टवेअर वाद्यं, इफेक्ट यांचे) ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तात्पुरते तयार ऑडिओत बदला, मग २५६ वर बघा.

आणखी एक: मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवर) लिनियर फेज इक्यू किंवा लुकअहेड लिमिटर ठेवलाय का? हे इफेक्ट काम करताना स्वतःच विलंब लावतात. मग बफर कितीही उतरवा, उशीर राहणारच! रेकॉर्डिंगपुरता तो काढूनच टाका. नुसत्या बायपासने (न काढता बंद ठेवल्याने) काही ठिकाणी विलंब तसाच राहतो. मिक्सिंगला बफर परत १०२४.