आरव्ही-६ विमानाची शेपटी तपासायची आहे, बजेट ३०० डॉलर. काय घेऊ?

सुहास_टेक्सास
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी सॅन अँटोनिओजवळ एक आरव्ही-६ विकत घेतलं, म्हणजे व्हॅन्स कंपनीच्या किटमधून घरी बांधलेलं छोटं विमान. १९९८ मध्ये पूर्ण झालेलं विमान आहे, मी बांधलेलं नाही. ज्यांनी बांधलं ते गृहस्थ आता ऐंशीच्या घरात आहेत आणि ॲरिझोनात मुलीकडे राहतात. पुढच्या महिन्यात वार्षिक कंडिशन इन्स्पेक्शन आहे. सही आमच्या फील्डवरचा ए अँड पी (परवानाधारक विमान) मेकॅनिक करणार, पण पॅनेल उघडणं, साफसफाई आणि पहिली नजर माझी, असं आमचं ठरलंय.

काळजी शेपटीची आहे. उजव्या एलिव्हेटरचं (नाक वरखाली करणाऱ्या हलत्या भागाचं) टोक दोन बोटांनी वरखाली केलं की बारीक 'टक' असा आवाज येतो. डावीकडे येत नाही. शिवाय हॉरिझाँटल स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या आडव्या स्थिर पंखाच्या) खालच्या बाजूला, मुळाजवळ, तीन-चार रिव्हेटांच्या मागे काळसर राखाडी ओघळ दिसतात. फडक्याने पुसले की जातात. आणि पुढच्या स्पारच्या (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईच्या) तड्यांबद्दल व्हॅन्सने २०१४ मध्ये जे सर्व्हिस बुलेटिन (तपासणी-दुरुस्तीची सूचना) काढलं होतं, त्याचा लॉगबुकात उल्लेखच नाही.

एक बोअरस्कोप (आत घालून बघायचा बारीक कॅमेरा) आणि डाय पेनिट्रंटचा (तडा दाखवणाऱ्या रंगीत द्रवाचा) संच घ्यावा म्हणतो. दोन्ही मिळून ३०० डॉलरच्या आत. कुणी काय वापरलंय?

रणजित_जर्सी
३०० मध्ये धड काही येत नाही, आधीच सांगतो. मी वळणाऱ्या टोकाचा बोअरस्कोप घेतला, ८०० च्या वर गेला, पण एक पैसाही वाया गेला नाही. आरव्ही-७ च्या स्टॅबिलायझरमध्ये रिबच्या (आतल्या फासळीच्या) भोकातून आत घातला की प्रत्येक रिव्हेटची मागची बाजू दिसते. शिवाय सिलिंडरचे व्हॉल्व्हही त्यानेच बघतो. फोनला जोडायचे ते ४० डॉलरवाले घेऊ नका. टोक वळत नाही, भिंतीवर आपटतं आणि दिसतो फक्त हिरवा प्रायमर.

तात्या_टेलड्रॅगर
सुहासराव, बोअरस्कोप राहू द्या बाजूला, आधी तो 'टक' कुठून येतो ते शोधा. खर्च शून्य. स्टिक सीटबेल्टने घट्ट बांधा. एकाने एलिव्हेटरचं टोक हलकेच हलवायचं, दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, अर्धं बोट स्थिर भागावर, अर्धं हलणाऱ्या भागावर. बाहेरचा रॉड एंड (बिजागरीचं गोळ्याचं बेअरिंग), आतला रॉड एंड, मधलं बेअरिंग, हॉर्नला (एलिव्हेटरच्या दांडीला) जोडलेल्या पुशरॉडचं (स्टिकची हालचाल पोचवणाऱ्या नळीचं) टोक, असं क्रमाने. ज्या सांध्यात प्ले (सैलपणा) असेल तो बोटाला कळतो, डोळ्याला दिसायच्या आधी कळतो. फक्त एका बाजूला आवाज आहे म्हणजे मधला पुशरॉड बहुतेक नाही, कारण तो दोन्ही एलिव्हेटरांना सामाईक आहे.

माझं आरव्ही-४ ओरेगनमध्ये आहे, व्हॅन्सच्या कारखान्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. शेजारच्या हँगरातल्या मित्राच्या विमानाला अस्साच आवाज होता. रॉड एंडचा जॅम नट सैल झाला होता आणि स्पारच्या आतली प्लेटनट (पत्र्याला रिव्हेट केलेला नट) हलत होती. स्पारला भोकाभोवती केसाएवढा तडा. त्याच्यासाठीही २०१४ मध्येच वेगळं बुलेटिन निघालं होतं, तेही बघा.

घाटमाथा
मराठी माणूस आणि घरी बांधलेलं विमान म्हटल्यावर कॅप्टन अमोल यादव आठवले. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं, आणि नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. अमेरिकेत एवढी सोय आहे, आपल्याकडे माणसाला वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. संताप येतो.

कॅनार्डवाला
म्हणूनच मी लाँग-ईझी घेतलं, कॅनार्ड म्हणजे छोटा पंख पुढे असलेलं विमान. शेपटीच नाही, तर शेपटीची कटकटही नाही. काचतंतू आणि फोम, रिव्हेट एकही नाही.

तात्या_टेलड्रॅगर
@कॅनार्डवाला, शेपटी नाही पण कॅनार्डला एलिव्हेटर आहे, त्याला बिजागऱ्या आहेत, आणि पंखांच्या टोकांना रडर आहेत. झीज तिथेही होते. धाग्याचा विषय अल्युमिनियमचा आहे, कृपया.

मेधा_डेटन
विमानाच्या सुट्या भागांचं परीक्षण हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून डाय पेनिट्रंटबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पेनिट्रंट चांगलंच आहे, पण ते उघड्या धातूवर चालतं. रंगावर किंवा प्रायमरवर फवारलंत तर रंगाच्या भेगा दिसतील, धातूचा तडा झाकलेलाच राहील. म्हणजे आधी प्रायमर काढायचा, आणि तो रासायनिक स्ट्रिपरने. वायर ब्रश किंवा जाड सँडपेपर फिरवलात तर मऊ अल्युमिनियम तड्याच्या तोंडावर पसरतं आणि तोंड बंद होतं. मग लाल द्रव आत शिरतच नाही आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. स्पारवर जिथे दोन पत्रे एकावर एक आहेत, तिथे द्रव त्यांच्या फटीत शिरतो, डेव्हलपरवर (वर फवारलेल्या पांढऱ्या थरावर) लालच लाल उमटतं आणि नवख्याला प्रत्येक सांधा तडकलेला दिसतो.

तेव्हा संशयाची जागा नक्की झाल्याशिवाय पेनिट्रंट नको. आधी दहापट भिंग, लहान गोल आरसा आणि प्रखर टॉर्च. टॉर्च समोरून धरू नका, पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. तड्याची कड सावली टाकते. प्रायमरमधून सरळ सुईसारखी रेघ दिसली आणि ती भोकापासून किंवा वाकवलेल्या कोपऱ्यापासून निघत असेल, तरच पुढचं पाऊल. रंग न काढता बघायचं असेल तर एडी करंट (विजेच्या प्रवाहाने तडा शोधणं), पण ते यंत्र आणि ते वाचणारा माणूस दोन्ही भाड्याने आणावे लागतात.

आता ओघळ. रिव्हेट आणि पत्रा एकमेकांवर घासले की अल्युमिनियमची बारीक पूड निघते आणि हवेच्या दिशेने मागे ओघळते. पण इंजिनचं तेल आणि एक्झॉस्टची काजळीही पोटाखालून मागे जाते आणि रिव्हेटांच्या डोक्यांमागे अडकते. आरव्हीत हे नेहमीचं आहे. सॉल्व्हंटने स्वच्छ पुसा, चार-पाच उड्डाणं करा, पुन्हा बघा. बोटावर घेऊन चोळा, तेलकट लागलं तर काजळी. कोरडी भुकटी असेल आणि त्याच रिव्हेटांमागे परत आली, तर ते रिव्हेट सैल आहेत. तीन-चार शेजारचे एकदम सैल असतील तर ते का हलतात ते शोधा, नुसते बदलून भागत नाही. मुळाजवळच आहेत म्हणून मी हे गांभीर्याने घेईन, पुढच्या स्पारचं बुलेटिनही त्याच भागाचं आहे.

रणजित_जर्सी
मेधाताईंशी सहमत, पण भिंग रिबच्या मागे पोचत नाही. बोअरस्कोप लागतोच.

सुहास_टेक्सास
सगळ्यांचे आभार. मेधाताई, प्रतिसाद छापून हँगरात लावतोय. रणजितभाऊ, ८०० माझ्या आवाक्याबाहेर आहेत.

रणजित_जर्सी
मग हप्त्यांवर घ्या. जिवापेक्षा ८०० मोठे नाहीत.

पिंपरीचा_फिटर
मी विमानात प्रवासी म्हणूनच बसलोय, पण मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलं, रॉड एंड हजारांनी बदललेत. रॉड एंड काढण्याआधी किती आटे बाहेर आहेत ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. एका बिजागरीचा रॉड एंड अर्धा फेरा जास्त बसला की दोन्ही बिजागऱ्यांची रेषा मोडते, बेअरिंगवर तिरका भार येतो आणि नवीन माल वर्षभरात खलास. गोळा बोटाने फिरवून बघा. खरखर लागली तर गेला. ग्रीस लावून आवाज बंद करू नका, प्ले तेवढाच राहतो आणि ग्रीसवर धूळ बसते.

अवंती_ॲडलेड
उंदीर! कुणीच कसं लिहिलं नाही? माझ्या विमानाच्या शेपटीत आधीच्या मालकाच्या काळातलं उंदराचं घरटं निघालं. उंदराच्या मुताने अल्युमिनियम अक्षरशः पोखरलं जातं. पांढरी पूड आणि खाली खड्डे. एलिव्हेटर आणि रडरच्या तळाची पाणी जाण्याची भोकंही तारेने मोकळी करा, गांधीलमाशा मातीने बुजवतात. पाणी साठलं की गंज तर येतोच, शिवाय मागच्या कडेला वजन वाढतं.

तात्या_टेलड्रॅगर
अवंतीताईंनी वजनाचं बरोबर काढलं. एलिव्हेटर पुढच्या शिशाच्या वजनाने तोललेले असतात. बिजागरीच्या मागे वजन वाढलं की फ्लटरचा (हवेत तो भाग अनावर थरथरण्याचा) धोका. आणि एक, तुमचं आरव्ही-६ टेलव्हीलचं (शेपटीखाली चाक असलेलं) असेल तर शेवटचं बल्कहेड (शेपटीतली आडवी भिंत) विसरू नका. टेलस्प्रिंगचा सॉकेट तिथेच बसतो, फिनचा (शेपटीच्या उभ्या स्थिर पंखाचा) मागचा स्पारही तिथेच, खराब धावपट्टीचे सगळे धक्के तिथे येतात.

रणजित_जर्सी
वजनावरून आठवलं. मी विमान रंगवायला दिलं होतं, दुकानाचं नाव घेत नाही. जुन्या रंगावर नवा रंग, वर पट्टे, वर क्लियर कोट. एलिव्हेटर पुन्हा तोलून बघायचं नावच नाही. विचारलं तर म्हणे आमचं काम रंगाचं. स्वतः उतरवून तोलले, तर मागची बाजू जड. एवढे पैसे घेऊन ही तऱ्हा.

घाटमाथा
२०२३ मध्ये व्हॅन्सच्या लेझरने कापलेल्या भागांना भोकांपाशी तडे जात होते ना? आणि त्याच डिसेंबरात कंपनी चॅप्टर ११ (दिवाळखोरी) मध्ये गेली. तुमच्या शेपटीत तसले भाग असतील तर?

मेधा_डेटन
नाही. ते भाग अलीकडच्या किटमधले. १९९८ च्या विमानाचा त्याच्याशी संबंध नाही. कुणी मधल्या काळात भाग बदललेत का, एवढं लॉगबुकात पाहा.

पिंपरीचा_फिटर
नट पुन्हा वापरू नका. नायलॉनचा नट बोटाने शेवटपर्यंत गेला की त्याची पकड संपली, टाकून द्या.

मेधा_डेटन
फिटरकाकांच्या वाक्याखाली दोन रेघा मारा. १६ सप्टेंबर २०११ ला रीनोच्या विमान शर्यतीत 'गॅलपिंग घोस्ट' हे पी-५१ (दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं लढाऊ विमान) प्रेक्षकांजवळ कोसळलं, वैमानिकासह ११ जण गेले. एनटीएसबीच्या (अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाच्या) तपासात एलिव्हेटरच्या ट्रिम टॅबचे (मागच्या कडेच्या छोट्या हलत्या पट्टीचे) स्क्रू धरणाऱ्या लॉकनटांची आतली पकड झिजलेली निघाली. स्क्रू सैल, टॅबचा ताठपणा कमी, आणि मग फ्लटर. ते विमान तुमच्यापेक्षा किती तरी वेगवान होतं हे मान्य, पण ट्रिम टॅबच्या पियानो बिजागरीची तार झिजली आहे का हे आरव्हीतही बघायचंच. एलिव्हेटर घट्ट धरा आणि फक्त टॅबची मागची कड हलवा. प्ले असेल तर तार बदला, दोन-चार डॉलरचं काम आहे.

कॅनार्डवाला
तसंही एक्स्पेरिमेंटलला (घरी बांधलेल्या विमानांना) सर्व्हिस बुलेटिन बंधनकारक नाही. नसेल केलं तर कायद्याने काही अडत नाही.

तात्या_टेलड्रॅगर
कायद्याने अडत नाही, स्पारला अडतं. सही करणारा मेकॅनिक विचारणारच. तडा नसेल तर दर वार्षिक तपासणीला बघत राहायचं किंवा मजबुतीची पट्टी बसवायची. बुलेटिन व्हॅन्सच्या साइटवर फुकट आहे, आकृतीत नेमकी जागा दाखवली आहे. आणि सुहासराव, तुमच्या ईएए (घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना) चॅप्टरच्या टेक्निकल काउन्सेलरला बोलवा. ते पैसे घेत नाहीत.

रणजित_जर्सी
बुलेटिनच्या जागेला बोअरस्कोप सर्वात उत्तम. फक्त फेअरिंग (सांध्यावरचं आवरण) काढायचं, बाकी काही उघडायची गरज नाही.

सुहास_टेक्सास
मंडळी, काल बायकोला एलिव्हेटर धरायला लावून बोटाची परीक्षा केली. 'टक' उजव्या बाहेरच्या रॉड एंडचा आहे. जॅम नट घट्ट आहे, प्लेटनट हलत नाही, बेअरिंगचा गोळाच सैल. ओघळ पुसलेत. दोनदा उडून आलो, चारपैकी दोन रिव्हेटांमागे कोरडी भुकटी परत आली. आता उडणं बंद.

फेअरिंग काढून आरशाने पाहिलं. स्पारवर जिथे बघायला सांगितलंय तिथे आधीच्या कुणीतरी जाड प्रायमर फासलाय, रेघ आहे की ब्रशचा ओरखडा, सांगता येत नाही. म्हणून ठरवलं: बोअरस्कोप घेत नाही, पेनिट्रंटही घेत नाही. स्टॅबिलायझर पूर्ण उतरवतो. मजबुतीच्या पट्ट्या बसवायच्याच आहेत, तर तो टेबलावर घेऊनच बसवीन. ३०० डॉलर पट्ट्या, चारही रॉड एंड आणि नवे नट-बोल्ट यांना जातील.

रणजित_जर्सी
अहो, तडा आहे की नाही हे न बघताच उतरवणार? फिनचा पुढचा स्पार स्टॅबिलायझरलाच बोल्ट केलेला असतो, म्हणजे रडर आणि फिनही खाली. ८०० वाचवायला महिनाभराचं काम अंगावर घेताय.

तात्या_टेलड्रॅगर
मलाही पटत नाही. चांगली बसलेली शेपटी उतरवली की पुन्हा तशीच बसवणं हेच मोठं काम. आधी काउन्सेलरला दाखवा.

सुहास_टेक्सास
काउन्सेलर शनिवारी येतायत, पण मत बदलेल असं वाटत नाही. सैल रिव्हेट तसेही काढायचेत, आणि बकिंग बार (रिव्हेटच्या मागे धरायचा ठोकळा) आत घालायला जागा हवी. बांधणाऱ्या आजोबांना ॲरिझोनात फोन केला. ते म्हणाले, उतरव, मी व्हिडिओवर बसतो, कुठला शिम (भरणीची पातळ पट्टी) कुठे आहे ते मला अजून आठवतं.

मेधा_डेटन
मग प्रत्येक शिमवर मार्करने जागा लिहा, पुढचा की मागचा, डावा की उजवा. आणि स्पारच्या त्या भागावरचा प्रायमर स्ट्रिपरने काढाल तेव्हा मला भिंगातून काढलेला फोटो पाठवा, टॉर्च आडवा धरून.

पिंपरीचा_फिटर
रॉड एंडचं माप घेतलंत का?

सुहास_टेक्सास
घेतलं, काका. चारही.