मदत हवी आहे: ब्राझीलचा ‘अवर्षण चतुष्कोन’ केवळ पर्जन्यछायेमुळे कोरडा आहे का?

नमस्कार.

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा तुलनात्मक अभ्यास आहे व मी तो विषय शिकवते. ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या अंतर्भागाचे, म्हणजे ‘अवर्षण चतुष्कोना’चे, कारण म्हणून पर्जन्यछाया (डोंगराच्या आडोशाला पाऊस कमी पडणे) सांगितली जाते आणि महाबळेश्वर व वाई यांच्या पावसातला फरक ठाऊक असलेल्या मुलांना ते लगेच पटते. पूर्व किनाऱ्यावरील रेसीफे येथे वर्षाला २००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, तर बोर्बोरेमा पठाराच्या वातविन्मुख (वाऱ्याच्या आडोशाच्या) बाजूच्या काबासेरास गावी ४०० मिमीही पडत नाही. एवढ्यावर धडा पूर्ण होऊ शकतो, पण नकाशा समोर ठेवला की दोन गोष्टी अडतात.

पहिली गोष्ट दक्षिणेकडची आहे. तेथे सेरा दो मार हा कडा समुद्रालगत अगदी सरळ उभा आहे, तरीही त्याच्या लगेच मागे, सुमारे ७५० मीटर उंचीवर असलेल्या साओ पावलोला वर्षाला साधारण १४०० मिमी पाऊस मिळतो. तेथील उन्हाळ्यात ॲमेझॉन खोऱ्यातले बाष्प अँडीज पर्वतामुळे आग्नेयेकडे वळते आणि दक्षिणेकडून थंड हवेच्या आघाड्याही येतात, त्यामुळे हे समजू शकते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. रिओ ग्रांडे दो नॉर्ते राज्याच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये डोंगरच नाही. तरी काटेरी ‘काटिंगा’ वनस्पती तेथे थेट किनाऱ्यापर्यंत पोहोचते आणि ब्राझीलचे बहुतांश समुद्री मीठ याच कोरड्या, वाऱ्याच्या पट्ट्यातील मिठागरांत पिकते. विषुववृत्तापासून जेमतेम ५ अंश दक्षिणेला असलेल्या या किनाऱ्यावर छाया कशाची मानायची?

माझ्या वाचनानुसार, दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे जेथे एकत्र येतात तो पट्टा फेब्रुवारी ते मे या काळातच येथवर सरकतो आणि या भागाचा बहुतेक पाऊस त्या काही महिन्यांत पडतो. एल निनोच्या वर्षी, किंवा उत्तर अटलांटिकचे पाणी अधिक तापलेले असताना, तो पट्टा उत्तरेकडेच राहतो आणि दुष्काळ पडतो. १८७७ ते १८७९ या काळात ईशान्य ब्राझीलमधील सेआरा प्रांतात पडलेला भीषण दुष्काळ आणि आपल्याकडचा १८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ हे जवळजवळ एकाच वेळचे आहेत, आणि त्या काळात प्रबळ एल निनो होता. भारतीय हवामान विभागाचे प्रमुख राहिलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी १९२८ मध्ये सेआराच्या दुष्काळांवर स्वतंत्र लेख लिहिला होता, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

जाणकारांना माझी विनंती अशी आहे. पूर्वेकडील भागापुरती पर्जन्यछाया आणि उत्तरेकडे व्यापारी वारे एकत्र येण्याच्या पट्ट्याचे हुकणे हे मुख्य कारण, अशी विभागणी केली तर ती शास्त्रीयदृष्ट्या योग्य ठरेल का? रेसीफेचा पाऊस मुख्यतः एप्रिल ते जुलैमध्ये पडतो आणि तेव्हा अंतर्भाग कोरडा होत असतो, हा या विभागणीचा पुरावा मानता येईल का? तसेच उत्तर किनाऱ्यावरील फोर्तालेझा, रेसीफे आणि अंतर्भागातील एखाद्या ठिकाणाच्या मासिक पर्जन्याची विश्वासार्ह आकडेवारी कोठे मिळेल, हेही कृपया सांगावे, कारण तिन्ही आलेख मुलांनी स्वतः काढून हा फरक पाहावा अशी माझी इच्छा आहे.