मदत हवी आहे : उडत्या रोहित पक्ष्यांचे एक्स्पोजर आणि चौकट

उजनी जलाशयात, कुंभारगावच्या बाजूने, मी सकाळी सात ते साडेनऊपर्यंत होडीतून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची उड्डाणे टिपण्याचा प्रयत्न करत आहे. थवा उठतो तेव्हा मागे काळपट पाणी आणि झाडी असते आणि काही सेकंदांतच तो उजळ आकाशावर येतो. परिणामी आधी मानेवरच्या पांढऱ्या पिसांचा पोत जळून जातो (अति प्रकाशाने तपशील पुसला जातो) आणि नंतर पंखांखालची लाली काळवंडते.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, लेन्स १५०-६०० मिमी, अ‍ॅपर्चर एफ/६.३, शटर १/२००० आणि फाइल रॉ (प्रक्रिया न केलेली) आहे. ऑटो आयएसओवर (प्रकाशसंवेदनशीलता कॅमेराच ठरवतो) +१ भरपाई, म्हणजे दुप्पट उजळपणा, दिल्यावर आकाशावरचे पक्षी सुधारले, पण पाण्यावरचे अधिकच जळाले. स्पॉट मीटरिंगमध्ये (एका छोट्या बिंदूवरच प्रकाश मोजण्याच्या पद्धतीत) बिंदू कधी पांढऱ्या मानेवर, तर कधी काळ्या उड्डाणपिसांवर पडतो, त्यामुळे लागोपाठच्या दोन फ्रेमही जुळत नाहीत. डुलत्या होडीत ट्रायपॉड निरुपयोगी आहे, नवी लेन्स घेणे शक्य नाही आणि थव्यात होडी घालून पक्षी उठवणे मला मान्य नाही.

आयएसओसह सर्व काही मॅन्युअल ठेवायचे झाल्यास, उथळ पाण्यात उभ्या पक्ष्याच्या पांढऱ्या पिसांवर प्रकाशाची मोजणी करून किती स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावेत आणि ऊन चढताना ही मोजणी किती वेळाने पुन्हा करावी? शिवाय, ६०० मिमीवर पंखांची टोके कापली जातात आणि ४०० मिमीवर थवा चौकटीच्या मधोमध अडकतो. अशा वेळी फोकसबिंदू बाजूला सरकवून पुढे मोकळी जागा राखावी, की मध्यबिंदूच ठेवून नंतर क्रॉप करावे?